यंत्र अडतं तेव्हा

पेण
दि. २ मे १९९९

चि. प्रविणला मामाचे आशीर्वाद.

सरूच्या गुडघ्यांना उतार आहे का ते आधी कळव, बाकीचं नंतर. तुझी आई स्वतःहून कधी सांगायची नाही.

घरात फोन असताना मामा पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. गळ्याची गाठ काढताना डॉक्टरांनी आवाजाची पेटीही काढली, त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून फोन माझ्या उपयोगाचा राहिला नाही. तुझ्या मामीकरवी बोलायचं म्हणजे मी खुणेनं एक वाक्य सांगायचं, तिनं त्याची तीन करायची, आणि त्यातली दोन तिची स्वतःची. त्यातून कॉम्प्युटरमधलं तिला ओ की ठो कळत नाही. म्हणून कागद घेतला.

जानेवारीत आपले जावई निलेशराव सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी हा कॉम्प्युटर आणून दिला, हे तुला माहीत आहे. त्यात एक मेसेंजर म्हणून प्रोग्राम आहे. इकडं मी अक्षरं दाबली की तिकडं मस्कतला अनिताच्या पडद्यावर उमटतात, आणि तिची माझ्याकडं. मराठीच लिहायचं, पण इंग्रजी अक्षरांत. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्या कामी आल्या. अर्थ कळत नसला तरी अक्षर ओळखतो. एका बोटानं टाईप करतो, तरी ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी माझ्या मुलीशी माझ्या तोंडानं बोललो असं वाटलं. मध्ये कोणी नाही.

आता तिला सातवा लागला आहे. डॉक्टरनं पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं आहे. निलेशराव दिवसभर कंपनीत. पोर एकटी छताकडं बघत पडून असते. कॉम्प्युटर पलंगाला लावून ठेवला आहे, दुपारी मी बसतो तेवढीच तिला सोबत. आणि नेमका आता तो मेसेंजर अडायला लागला आहे. अर्धा तास बरा चालतो आणि मग ठप्प. मी अक्षरं दाबतोय आणि पडद्यावर काही उमटत नाही. बंद करून परत चालू करेपर्यंत तिकडं तिला वाटतं बाबा रागावून उठून गेले. माझा स्वभाव तुला माहीत आहे, आणि तिलाही.

इथल्या क्लासवाल्या कमळाकरला बोलावलं. तो म्हणाला सगळं पुसून नव्यानं भरू. मी त्याला हातानंच दार दाखवलं. अनिता आजवर जे बोलली ते सगळं त्यात साठलेलं आहे. ते पुसायचं नाही, एवढं ध्यानात ठेवून उपाय कळव.

तुझा मामा,
काळुराम


रोहा
दि. ६ मे १९९९

ती. मामांना प्रविणचा नमस्कार.

आईचे गुडघे जैसे थे. जिना उतरताना देवाचं नाव घेते, चढताना माझं.

तुमचं पत्र घेऊन मी कंपनीतल्या आमच्या कॉम्प्युटर विभागात गेलो आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. मेसेंजर वापरणारा मूर्तिकार कोणी पाहिला नव्हता. माझी कॉलर ताठ झाली.

काळजी करू नका, हा आजार साधा आहे. कॉम्प्युटरवर एका वेळी चार कामं उघडी ठेवली की त्याची दमछाक होते. तेव्हा मेसेंजर सोडून बाकीच्या खिडक्या बंद ठेवा. निलेशदाजींनी पडद्यावर पोहणारे मासे घालून दिलेत ना, ते काढून टाका. आणि अडला की एकदम बटण बंद करू नका. डावीकडच्या खालच्या दोन कळा, कंट्रोल आणि आल्ट, दाबून धरायच्या आणि डिलीट दाबायचं. एक यादी येईल, त्यातला मेसेंजर निवडून बंद करायचा आणि परत उघडायचा. बोलणं पुसलं जात नाही.

मीच येऊन गेलो असतो, पण आमच्या रजा रद्द झाल्या आहेत. सन दोन हजार उजाडलं की कॉम्प्युटर तारीख चुकतील म्हणे, म्हणून धाटावच्या या कंपनीत आम्ही एकेक मशीन तपासतोय. रविवारीसुद्धा बोलावतात.

अजून एक. हॉस्पिटलच्या बाईंनी तुम्हाला हवा गिळून बोलायला शिकवलं होतं, त्याचा सराव चालू आहे का? मामींना फोनवर विचारलं तर त्यांनी विषय बदलला.

आपला,
प्रविण


पेण
दि. ११ मे १९९९

चि. प्रविणला आशीर्वाद.

मासे काढले. तुझ्या मामीला वाईट वाटलं, ती दुपारी बसून बघायची. बाकीच्या खिडक्या बंद केल्या. गुण शून्य.

तुझ्या त्या तीन कळांनी काहीच होत नाही. यादी येत नाही, गादी येत नाही. मी तीन वेळा दाबून पाहिल्या, मग कारखान्यातल्या रघूला दाबायला लावल्या, त्याचे हात माझ्यापेक्षा जड. तरी ढिम्म. शेवटी बटणच बंद करावं लागतं. परवा अनिता विचारत होती की बाबा, गेल्या खेपेला तुम्ही मध्येच गप्प झालात, मी काही चुकीचं बोलले का. मी यंत्रावर ढकललं. तिनं मानलं की नाही ते कळायला मार्ग नाही, कारण तेवढ्यात पुन्हा अडलं.

सरावाचं विचारलंस. नाही करत. पोटात हवा घ्यायची, ती ढेकरेसारखी वर आणायची आणि तिच्यात शब्द बसवायचा, असं त्या बाईंनी शिकवलं. मला ते चार दिवसांत जमलंही. घरी आल्यावर कारखान्यात उभा राहून रघूला म्हटलं, "पाणी आण." रघू माझ्याकडं न बघता मागल्या दाराकडं धावला. त्याला वाटलं रेडकू आत शिरलं. तो बिचारा नंतर कानकोंडा झाला, पण मी त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलं. ज्या माणसाच्या एका हाकेनं पलीकडच्या आळीतले कारागीर हातातलं काम टाकून येत, त्यानं रेडकासारखं ओरडायचं नाही. हा विषय परत काढू नकोस.

यंत्राचं बघ.

काळुराम


रोहा
दि. १५ मे १९९९

ती. मामांना नमस्कार.

विषय काढत नाही. पण तुम्ही हाक मारल्यावर मी पाटावरून पडलो होतो हे मला अजून आठवतं, आणि माझ्या कोपरालाही.

यंत्राकडं वळतो. तीन कळांनी यादीच येत नाही म्हणजे मी समजलो होतो तसं नाही. मेसेंजर अडत नसून अख्खा कॉम्प्युटरच अडत असावा. तुम्हाला मेसेंजरच अडल्यासारखा वाटतो, कारण तुम्ही दुसरं काही वापरतच नाही. आता पुढच्या वेळी अडला की मी विचारतो तेवढं नीट बघा. माऊस फिरवल्यावर पडद्यावरचा बाण हलतो का? कॅप्स लॉक म्हणून कळ आहे, ती दाबल्यावर वरचा हिरवा दिवा लागतो-विझतो का? बंद करून लगेच चालू केला तर परत अर्धा तास चालतो की आधीच अडतो? सकाळी आणि दुपारी काही फरक पडतो का? डबा भिंतीला चिकटून आहे का? त्याच्या पाठीमागून वारा येतो तो नीट येतोय का?

आमचे साहेब म्हणतात हा व्हायरस असेल. मी तो काढायची फ्लॉपी तयार करून ठेवली आहे. पण आधी तुमचं उत्तर येऊ द्या.

अनिताताईला सांगा, इथले सगळे तिची आठवण काढतात. आईनं तिच्यासाठी जिवतीला नवस बोललाय, काय ते मला सांगत नाही.

प्रविण


पेण
दि. २० मे १९९९

चि. प्रविणला आशीर्वाद.

बाण हलत नाही. हिरवा दिवा लागत नाही. बंद करून लगेच चालू केला तर पहिल्यापेक्षा लवकर अडतो. सकाळी एकदा लवकर बसलो होतो तेव्हा पुष्कळ वेळ चालला. डबा भिंतीपासून हातभर पुढं आहे. वारा वगैरे मला कळत नाही, पण यंत्र स्वच्छ आहे. माझ्या घरात कुठलंही काम उघड्यावर पडलेलं नसतं. कारखान्याला लागून असलेल्या खोलीत ठेवलं आहे, म्हणून काळजी दुप्पट घेतो. खोलीतला पंखा अर्थातच बंद असतो. शेजारी मूर्तींना रंगानं डोळे काढायचं काम चालू असताना पंखा लावून धूळ कोण उडवील?

फ्लॉपी पाठव. व्हायरस म्हणजे काय ते लिही, अनिताला त्याची बाधा होणार नाही ना?

काळुराम


पेण
२१ मे

चि. प्रविण, मामीचे आशीर्वाद.

शेजारचे दिनानाथ उद्या रोह्याला मेव्हण्याकडं जाणार आहेत, त्यांच्याबरोबर पोह्याचे पापड पाठवते. त्यात ही चिठ्ठी. तुझ्या मामांना हिच्याबद्दल सांगू नको.

ते तुला यंत्राचं लिहितात, पण खरं लिहीत नाहीत. अनिता गेला महिनाभर एकच विचारते आहे, बाबा, आईला माझ्याकडं पाठवाल का. पहिलंच बाळंतपण, परका मुलूख, जवळ बाईमाणूस नाही. जावयांनी माझा पासपोर्ट जानेवारीतच करून ठेवला. व्हिसाचे कागद तयार आहेत म्हणतात, आम्ही हो म्हणायची खोटी. आणि हे हो पण म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत. तो प्रश्न आला की यंत्र अडतं. खरंच अडतं की हे अडवतात, मला शंका येते बाबा. परवा पडदा गोठला तर यांनी सुटकेचा श्वास टाकलेला मी माझ्या कानांनी ऐकला.

मी गेले तर यांच्या वतीनं बोलणार कोण? गिऱ्हाइकं येतात, पनवेल-ठाण्याचे फोन येतात, सगळं माझ्या तोंडानं चालतं. ते पण खरं आहे. मी जाते म्हणाले तर यांना एकटं टाकल्यासारखं होईल आणि नाही म्हणाले तर तिकडं पोर झुरेल. मी दोघांच्या मध्ये गप बसले आहे, आणि गप बसायची मला सवय नाही.

त्या यंत्राची तर अशी बडदास्त आहे की काय सांगू. ताज्या मूर्तीला गुंडाळतात तसं जाड प्लास्टिक लपेटून सुतळीनं बांधलंय. समोरची काच आणि बटणं तेवढी उघडी. चालू असताना पण सोडू देत नाहीत. मी म्हटलं गरम होतंय, हात लावून बघा. तर पाटीवर लिहून दाखवलं, धूळ बसेल. मग मीच तो विषय सोडला.

पापड तळताना तेल चांगलं तापू दे.

चंद्रावती मामी


रोहा
दि. २५ मे १९९९

ती. मामांना नमस्कार.

पापड पोचले, आणि मामींनी बोलता बोलता कळवलं की तुम्ही कॉम्प्युटर प्लास्टिकमध्ये बांधून चालवता. मामा, फ्लॉपी रद्द. व्हायरस नाही, काही नाही. मी सहा प्रश्न विचारले आणि हाच विचारला नाही, कारण असं कोणी करत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि तुम्ही लिहिलं नाही, कारण पेणमध्ये कुठलीही वस्तू उघडी ठेवतात हे तुमच्या डोक्यात आलं नाही. दोघंही शहाणे.

त्या डब्यात एक छोटा पंखा असतो. आतली उष्णता तो बाहेर टाकतो. तुम्ही वरून प्लास्टिक बांधलं, खोलीतला पंखा बंद, वर वैशाखातली दुपार. अर्ध्या तासात आतलं सगळं तापतं आणि जागच्या जागी थांबतं. लगेच चालू केलं तर आधीच तापलेलं असतं, म्हणून लवकर अडतं. सकाळी गार असतं, म्हणून टिकतं. तुम्ही सगळं बरोबर पाहिलं होतं.

तुम्हाला पटेल असं सांगतो. श्वासासाठी ठेवलेल्या गळ्यावरच्या छिद्राला डॉक्टरांनी तुम्हाला जाळीचं फडकं दिलंय ना? धूळ अडते आणि श्वास चालू राहतो. तिथं कोणी प्लास्टिक बांधलं असतं तर? यंत्राचंही तेच.

प्लास्टिक आत्ताच्या आत्ता सोडा. कॉम्प्युटर कारखान्याच्या बाजूनं काढून माजघरात न्या, तिथं पंखा लावता येईल. आणि मी येईपर्यंत लांबलचक बोलू नका, कारण आत धूळ बसली असणार ती साफ करावी लागेल. साहेबांच्या हातापाया पडून येत्या रविवारची सुट्टी घेतली आहे. सकाळच्या गाडीनं येतो. ऑपरेशननंतर आपली नीट भेटच नाही, दोन वेळा आलो तेव्हा तुम्ही औषधाच्या गुंगीत होतात.

प्रविण


पेण
दि. ३ जून १९९९

चि. प्रविणला आशीर्वाद.

तू गेल्यावर चार दिवस थांबून लिहितो आहे. आधी यंत्राचं. तू डबा उघडलास तेव्हा आत जो पांढरा थर निघाला तो पाहून मला माझीच लाज वाटली. एवढं प्लास्टिक बांधून धूळ आत होतीच, वर उष्णताही कोंडली. मग तू ती झाडायला माझा डोळे काढायचा ब्रश उचललास. तो ब्रश मी रघूलासुद्धा शिवू देत नाही. मला बोलता येत नाही म्हणून वाचलास. पण झाडलंस हळुवार हातानं, तेव्हा सोडून दिलं.

आता ते माजघरात आहे, वर पंखा चालू आहे, आणि सोमवारी दोन तास एकदाही अडलं नाही. अनितानं निलेशरावांची, शेजारणींची, डॉक्टरणीची सगळी हकीकत सांगितली. हसवलं पण. पोट इतकं पुढं आलंय म्हणे की की-बोर्ड त्याच्यावरच ठेवते.

आणि मग तिनं विचारलं, बाबा, आईचं काय ठरवलंत.

तुला हे माहीत आहे. रविवारी जेवताना तू तुझ्या मामीकडं बघितलंस आणि तिनं ताटाकडं, तेव्हाच मी समजलो. मी काही तुला मुद्दाम लपवलं नाही, पण सांगितलंही नाही. सोमवारी मी पडद्याकडं बघत बसलो. वाट बघत होतो की आता अडेल, आता बाण थांबेल. बाण व्यवस्थित फिरत होता. शेवटी मी लिहिलं की रघू बोलावतोय, आणि उठलो. रघू जोहे गावाला कच्च्या मूर्ती आणायला गेला होता.

एवढे दिवस मी यंत्राला शिव्या घातल्या. आता यंत्र अडत नाही प्रविण, मीच अडतो.

तुझी मामी गेली तर मी या घरात मुका आहे हे मला पहिल्यांदा कळेल. आत्ता ती बोलते, भांडते, माझ्या नावावर दोन वाक्यं जास्तीची घालते, म्हणून घर बोलतं आहे असं वाटतं. फोन वाजला तर काय करू? दारात गिऱ्हाईक आलं तर पाटी दाखवू? मला भीती वाटते. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी कोणाला लिहिलेलं नाही. मुलीला नाही म्हणायचं धाडस नाही आणि हो म्हणायचं बळ नाही.

तू शिकलेला आहेस, तूच सांग.

काळुराम


रोहा
दि. ९ जून १९९९

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी कंपनीत कोणाला दाखवलं नाही. दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

शिकलेला माणूस याच्यात काही सांगू शकत नाही, भाचा सांगू शकतो. जेवणाखाण्याचं म्हणाल तर आई यायला तयार आहे. तिला विचारायच्या आधीच तिनं पिशवी भरली, आणि गुडघे अचानक बरे झाले आहेत. साहेबांना पटवलं आहे, रविवारी मी येत जाईन. गिऱ्हाइकांना रघू सांभाळेल, दर तुम्ही पाटीवर लिहून द्या. पण मामा, तुमच्या वतीनं बोलायला मी माणूस आणून देणार नाही. दिला असता तरी तुम्ही त्याच्याही मागं लपला असता. हे लहान तोंडी मोठा घास आहे, राग आला तर पुढच्या भेटीत दोन ठेवून द्या.

त्या रविवारी स्टेशनवर सोडायला आलात तेव्हा गाडी हलली आणि तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. उघडलंत आणि मिटलंत. मी खिडकीत होतो. रोह्यापर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही. रेडकासारखा आवाज आला असता तर मी काय हसलो असतो? मामा, मी त्या आवाजावर नाचलो असतो.

रघू मागल्या दाराकडं धावला तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं की तुम्ही बोलू शकता. आता आम्हाला ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या बाईंनी सांगितलं होतं की सरावानं तो आवाज सुधारतो. तुम्ही एकदाच काढून तो अडगळीत टाकलात. तुमच्या हातची पहिली मूर्ती तरी धड झाली होती का? आई सांगते, तिची सोंड बघून आजोबा दिवसभर हसत होते.

ते सगळं नंतर. आत्ता ताईला उत्तर द्या. एका अक्षराचं असो नाहीतर दोन अक्षरांचं. ती पलंगावर पडून वाट बघते आहे आणि तिच्याकडचं यंत्र बिघडलेलं नाही.

प्रविण


पेण
दि. १७ जून १९९९

चि. प्रविण,

तुझं पत्र आलं तेव्हा राग आला होता. उत्तरादाखल चार खरमरीत ओळी लिहिल्यासुद्धा. मग सोमवारी जे झालं त्यानं त्या वाया गेल्या.

सकाळी अकराच्या सुमाराला तुझी मामी बाजारात होती. रघू टेम्पो घेऊन जोह्याला. घरात मी एकटा, आणि फोन वाजला. असा एकटा असलो की मी फोन वाजू देतो, थकून बंद होतो. हा बंद होईना. थांबला आणि परत वाजला. उचलला. उचलून रिसिव्हरवर नखानं दोनदा वाजवलं की मी आहे हे निलेशरावांना कळतं, तशी आमची खूण आहे.

निलेशराव होते. म्हणाले, अनिताचं ब्लडप्रेशर वाढलं, पहाटे हॉस्पिटलात दाखल केलं. घाबरण्यासारखं नाही, पण डॉक्टर आता घरी सोडणार नाहीत, बाळंतपण होईपर्यंत तिथंच ठेवतील. मला पहिलं काय आठवावं, तर तिथं तिच्या उशाशी कॉम्प्युटर नसणार. आपण एवढी खटपट करून माझं यंत्र नीट केलं, आणि आता तिच्याकडंच काही नाही.

मग ते म्हणाले, तिला देतो फोन. तिचा श्वास ऐकू आला. ती म्हणाली, "बाबा, तुमी काय बोलू नका. नुसतं आयका. मला लय भ्याव वाटतंय, आन् आईचं मी आता परत विचारणार नाय. तुमाला त्रास होतोय ते मला कळलंय. तुमी दोघं जपून ऱ्हावा."

प्रविण, तिनं माझ्यासाठी विचारणंच सोडून दिलं होतं. आठव्या महिन्यात, हॉस्पिटलात पडून, ती मला सांभाळून घेत होती. माझ्याकडं पाटी नव्हती, कळा नव्हत्या. नखानं वाजवून एवढं सांगता येत नाही. मी हवा गिळली. पहिल्यांदा नुसतीच वाया गेली. दुसऱ्यांदा गिळली आणि म्हटलं, "आई येते."

मग तिचा आवाज लांब गेला, निलेशरावांना सांगत होती, "अवो, लायनीत कोन तरी मधी बोलतंय, क्रॉस झालाय."

त्या क्षणी ठेवून द्यावासा वाटला. खोटं कशाला सांगू. हात खाली आलाही होता. पण ठेवला असता तर तिच्या लेखी क्रॉस कनेक्शनच बोललं असतं, आणि बाबा परत एकदा मध्येच उठून गेले असते. पुन्हा हवा घेतली. एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "आई येते. मी बाबा."

मला वाटलं लाईन गेली. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "बाबा, परत बोला."

परत बोललो. तिनं आणखी एकदा बोलायला लावलं. तेवढ्यात तुझी मामी पिशवी घेऊन दारात आली. मी फोनवर बोलतोय हे बघून ती पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली, आणि मी रिसिव्हर तिच्या हातात दिला. तिनं तो परत माझ्याच कानाला लावला.

मामी येत्या मंगळवारी निघते. विमान मुंबईला सहारवरून, संध्याकाळचं. तिला सोडायला तूच हवास, मीही बरोबर येईन. सरूला सोमवारी घेऊन ये. सराव सुरू केला आहे, सकाळी आणि दुपारी. रघू आता मागल्या दाराकडं धावत नाही, पाणी आणतो. आवाज काही सुधारलेला नाही.

गाडीची वेळ ठरवायला पत्र पुरणार नाही. शनिवारी दुपारी तुझ्या कंपनीत फोन करीन. ऑपरेटरला आधी सांगून ठेव. आणि ढेकर दिल्यासारखं कोणी तुझं नाव घेतलं तर ठेवून देऊ नकोस, मी आहे.

तुझा मामा,
काळुराम